आजोबांची तीननळी आणि वीतभर वर जाणारा तिसरा बार

खानापूरकर:
आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून एक जुनी जर्मन तीननळी बंदूक आहे. वर सोळा बोअरच्या, छऱ्यांच्या दोन नळ्या शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्या पोटाखाली आट्यांची, म्हणजे आतून पीळदार खाचा असलेली, एक बारीक नळी आहे, जिला ९.३ × ७२ आर (गोळीची जाडी आणि पुंगळीची लांबी मिलिमीटरमध्ये; आर म्हणजे बुडाला कड असलेले) हे काडतूस लागते असे एका जुन्या पावतीवरून कळते. वडिलांच्या पश्चात परवाना माझ्या नावावर झाला, पण आट्यांच्या नळीतून मी अजून एकही बार काढलेला नाही. आजोबांच्या मोडीतल्या वहीत शंभर पावलांवरच्या नेमाबद्दल ‘पहिला बार जागेवर, दुसरा चार बोटे वर, तिसरा वीतभर वर’ अशी नोंद आहे. ही काडतुसे इकडच्या दुकानांत मिळत नाहीत. परदेशातले लोक रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरून जुन्या बंदुकीचा नेम बसवतात असे वाचले. आपल्याकडे हे करता येईल का, आणि करायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी? मला शिकार करायची नाही. मैदानावर ही बंदूक नीट चालावी एवढीच इच्छा आहे.

जुना आर्मोरर, गणेशपूर:
बावीस वर्षे फौजेच्या शस्त्रागारात काढली, त्या अनुभवावरून लिहितो. तुमच्या आजोबांनी जे टिपले तो काडतुसाचा दोष नाही. तीनही नळ्या एकमेकींना झाळून जोडलेल्या असतात. खालची नळी बार काढल्याने तापून लांब होऊ पाहते, वरच्या दोन मात्र थंडच राहतात, आणि मग अख्खा जुडगा वरच्या अंगाला वाकतो. म्हणून दोन बारांमध्ये नळी हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे लागते. घाई करून पाच बारांचा गट काढणाऱ्याला अशा बंदुकीत नेम कधीच सापडत नाही.

दारूगोळ्याचा विचार करण्याआधी बंदूक तपासा. विडीच्या बंडलाचा पातळ कागद नळ्यांच्या मागच्या तोंडावर ठेवून बंदूक बंद करा. कागद ओढल्यावर सहज सरकला तर सांधा ढिला झाला आहे, आणि तशा बंदुकीत कोणतेच काडतूस घालू नये. त्यानंतर गळाला बांधायचे मऊ शिसे तेल लावून, पितळी गजाने आट्यांच्या नळीतून हलके ठोकत आरपार काढा आणि त्याची जाडी मायक्रोमीटरने मोजा. त्या काळी नळीची मापे कारागिरागणिक थोडी बदलत, त्यामुळे काडतुसाच्या नावावर विसंबून गोळी निवडणे धोक्याचे असते.

निपाणीचा, सध्या कासेल:
काकांनी मुळावरच बोट ठेवले आहे. माझ्याकडेही इथे याच काडतुसाची तीननळी आहे. जर्मनीत घरी काडतूस भरायचे तर स्फोटक पदार्थांच्या कायद्याच्या कलम २७ खाली वेगळा परवाना काढावा लागतो, त्यासाठीचा अभ्यासवर्ग करून परीक्षा द्यावी लागते, आणि मगच दारू मिळते.

या काडतुसाची मूळ गोळी साधारण १२.५ ग्रॅमची, म्हणजे १९३ ग्रेनची, आणि दाबही बेताचा असतो. ९.३ × ६२ किंवा ९.३ × ७४ आर यांच्या जड आणि कडक गोळ्या नाव सारखे दिसते म्हणून वापरू नयेत, कारण त्या जास्त वेगासाठी केलेल्या असतात. मी छापील कोष्टकातल्या सर्वांत कमी भरणीपासून सुरुवात केली आणि वेगाचा हव्यास न धरता, माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेच्या) नेमाशी गोळी कुठे जुळते तेवढेच पाहत थोडे थोडे वाढवत गेलो. पुंगळी लांब आणि दारू थोडी, त्यामुळे आत ती कोणत्या बाजूला सरकते यावरही वेग बदलतो. म्हणून प्रत्येक बाराआधी नळी वर करून दारू पुंगळीच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीकडे येऊ देतो. पुंगळ्यांची फक्त मान, म्हणजे गोळी धरणारे तोंड, मापात बसवतो, बाकी अंग बंदुकीच्या घरातच (नळीत काडतूस बसते त्या जागेत) बसू देतो. हे करायला मला एक हिवाळा लागला.

आता तुमचे काम: नळ्यांच्या बुडाशी असलेले ठसे वाचा. मुकुटाखालचा जी म्हणजे आट्यांची नळी, डब्ल्यू म्हणजे चोक (तोंडाशी किंचित आवळलेली छऱ्यांची नळी), आणि मुकुटाखालचा एन किंवा ‘नायट्रो’ असा शब्द असेल तर ती बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे.

वकील, चिकोडी:
खानापूरकर, तुम्ही इथे जे करू इच्छिता त्याला शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ५ आडवे येते. विनापरवाना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि पुंगळी भरणे ही निर्मितीच आहे. तुमच्या प्रश्नापेक्षा मला दुसरीच शंका अधिक सतावते: तुमच्या परवान्यावर बंदुकीचे वर्णन नेमके काय लिहिले आहे?

खानापूरकर:
वकीलसाहेब, परवाना कन्नडमध्ये आहे, त्यामुळे आजवर नीट वाचलाच नव्हता. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला; त्यात ‘सोळा बोअर, दुनळी’ एवढेच आहे, तिसऱ्या नळीचा उल्लेखच नाही. कागद मात्र घट्ट बसला, सरकला नाही. ठशांत यू, जी आणि डब्ल्यू दिसले, एन सापडला नाही, आणि १०८.४९ असा एक आकडा आहे.

वकील, चिकोडी:
तर सगळ्यात आधी वर्णनाची दुरुस्ती करून घ्या. आजोबांच्या काळात कोणी कारकुनाने वरवर पाहून लिहिले असेल, पण आज ती नळी तुमच्या परवान्यात नाही. अर्जाला नळ्यांच्या बुडाचे स्पष्ट फोटो आणि ती जुनी पावती जोडा. दुरुस्ती होईपर्यंत त्या नळीचे काडतूस जवळ बाळगू नका. एखादे जुने माळ्यावर सापडले तरी मला आधी फोन करा.

निपाणीचा, सध्या कासेल:
१०८.४९ ही जुन्या पद्धतीची गेज, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा आकडा आहे. आट्यांच्या उंचवट्यांवरून मोजलेले ते माप साधारण ८.९ मिलिमीटर येते, म्हणजे नळी ९.३ चीच असणार. शिशाचे खरे माप कळले की गोळी ठरवता येईल. पण एन नाही, तोवर बिनधुराच्या दारूचा विचार डोक्यातून काढून टाका. माझी पहिली जुनी बंदूक अशीच होती, आणि मी ती तपासणीगृहात पाठवून नवा ठसा घेईपर्यंत भिंतीवरच ठेवली.

छऱ्यांच्या नळ्यांबद्दलही एक सांगून ठेवतो. त्या काळच्या सोळा बोअरची घरे बहुधा ६५ मिलिमीटरची असतात, आणि आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात सहज बसते, पण बार होताना उघडणारे त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात अडकते आणि दाब वाढतो. घराची लांबी मोजल्याशिवाय दुकानातून घेतलेले काडतूसही घालू नका.

जुना आर्मोरर, गणेशपूर:
शिसे ठोकताना नळीच्या तोंडाला चामड्याचा तुकडा लावा, नाहीतर गज घासून तिथले आटे झिजतात. आणि मोजलेले शिसे फेकू नका, कागदात गुंडाळून तारीख टाकून ठेवा.