मोठी टूरिंग बाइक: आराम की स्क्रीन?

प्रश्न: नागपूरहून पचमढी, जबलपूर, डबलसीट. पैसे सीटवर घालावेत की क्रूझ कंट्रोल (अ‍ॅक्सिलरेटर न धरता वेग कायम ठेवणारी सोय), टचस्क्रीनवर?

– आधी सीट अन् विंडशील्ड. बसल्यावर काचेची वरची कड नाकाच्या रेषेत हवी, नजर तिच्यावरून जावी. कड खाली असेल तर वारा थेट हेल्मेटवर आदळतो, मान धरते. मागे माणूस बसला की प्रीलोड (शॉकच्या स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवा. नाहीतर मागचा शॉक दबतो अन् हेडलाइट रस्ता सोडून झाडांवर.

– क्रूझला गॅजेट म्हणू नका भाऊ, मनगट वाचतं. स्क्रीन मात्र मेच्या उन्हात धड दिसत नाही. फोन हँडलला लावायचाच तर डॅम्परवाला (कंपनं शोषणारा) माउंट घ्या, कंपनांनी कॅमेरा बिघडतो.

– होंडाच्या गोल्ड विंग या टूरिंग बाइकचं 1833 सीसी, सहा सिलिंडरचं इंजिन मस्तच, रिव्हर्स गिअरही आहे. पण समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, पळवणार कुठे?