मदत हवी आहे: शेण सारवलेल्या कापडावर शेणकिडे

नमस्कार मंडळी. वारली चित्रांत भिंत शेणाने सारवतात, तसं मी मांजरपाटावर शेण-गेरू सारवून त्यावर तांदळाच्या पिठाने शेणातलेच भुंगे रंगवतेय. शेणाचा एक पो म्हणजे अख्खं गाव आहे! काही भुंगे त्यातच राहतात, काही खाली बोगदा खणून शेण आत नेतात, तर काही गोळी करून, डोकं खाली घालून, मागच्या पायांनी ढकलत नेतात. रात्री हिंडणारे दक्षिण आफ्रिकेतले शेणकिडे आकाशगंगेच्या उजेडावर सरळ वाट धरतात, हे २०१३ साली प्रयोगांतून दिसलं. तेव्हापासून मला मोठ्या पोच्या वर ताऱ्यांचा पट्टा काढायचाच आहे.

पण कापड गुंडाळलं की सारवण तडकतं, आणि पावसाळ्यात बुरशी धरते. बाभळीचा डिंक घालू का? किती? शेण गाळून घ्यावं का? ज्यांनी कापडावर असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

आणखी एक, तुमच्या गावाकडे या भुंग्यांना काय म्हणतात? ती नावं मला चित्रातच लिहायची आहेत. आजी-आजोबांना जरूर विचारा.