क्रिस क्रिस्टॉफरसन खरंच झाडू मारायचा का?

गिटारवाला_धरमपेठ: भाऊ, सकाळी तर्री-पोहे खाता खाता दोस्त म्हणे हा अमेरिकेचा कंट्री (तिकडचं गावाकडचं संगीत) सिंगर आधी स्टुडिओत झाडू मारत होता, मले तर फेकून राहिला वाटते, शर्त लावली ना मी

बर्डीकर: हारला तू. ऑक्सफर्डचा ऱ्होड्स स्कॉलर (लय नामी स्कॉलरशिप ती), मग आर्मीत हेलिकॉप्टर पायलट, वेस्ट पॉइंटला (अमेरिकन आर्मीची अकादमी) इंग्लिश शिकवायची नोकरी मिळून राहिली होती ते सोडून १९६५ ला गेला नॅशव्हिलला, कंट्री म्युझिकच्या गावाला, अन् तिथं कोलंबिया स्टुडिओत फरशी पूस, ॲशट्रे रिकामे कर. आत बॉब डिलनसारख्या मोठ्या गायकाचं रेकॉर्डिंग अन् हा झाडू घेऊन!

जुनी_कॅसेट: मधे लुइझियानात तेलवाल्यांसाठी हेलिकॉप्टरबी उडवलं. १९७० मध्ये जॉनी कॅश या मोठ्या कंट्री सिंगरनं त्याचं गाणं गायलं तवा कुठं जमलं

गिटारवाला_धरमपेठ: च्यामारी, उद्याचे पोहे माह्याकडून