दूरचा चाहता: पाठीराखा की केवळ प्रेक्षक?

जागरणकर:
मी कोल्हापूरचा असून वीस वर्षांहून अधिक काळ लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे सामने घरूनच पाहत आलो आहे. २५ मे २००५ रोजी इस्तंबूलमध्ये इटलीच्या मिलानविरुद्ध झालेला चॅम्पियन्स लीगचा (युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा) अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सुरू झाला. मध्यंतराला संघ ०-३ असा मागे पडल्यावर वडील झोपायला गेले, आणि नंतर सहा मिनिटांत लिव्हरपूलने तीन गोल केले तेव्हा घर जागे होऊ नये म्हणून मी उशीत तोंड खुपसून ओरडलो होतो. त्या रात्रीपासून हा संघ माझा आहे. परंतु एका मित्राच्या मते मी केवळ प्रेक्षक आहे, पाठीराखा नव्हे. आपले मत काय?

मंगळवार पेठ:
आपल्या मित्राचे म्हणणे मला पटते. पाठीराखा म्हणजे पाठीशी उभा राहणारा, आणि वेळ आली तर पाठ फिरवून दाखवू शकणारासुद्धा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या तिकिटाचा कमाल दर ७७ पौंड करण्याचे ठरले, तेव्हा संडरलँडविरुद्ध संघ २-० ने पुढे असताना हजारो लोक ७७ व्या मिनिटाला अ‍ॅनफिल्ड या क्लबच्या मैदानातून उठून गेले आणि आठवड्याच्या आत क्लबला तो दर मागे घ्यावा लागला. आपण त्या मिनिटाला दूरचित्रवाणी संच बंद केला असता, तर कोणाला कळले असते?

साडेआठची शिट्टी:
अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजू नये, असे मला वाटते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनचे सामने थेट दाखवण्यास बंदी आहे. त्यामुळे ज्याला तिकीट मिळाले नाही किंवा परवडले नाही, असा लिव्हरपूलमधला माणूस रेडिओ ऐकत बसतो, आणि तोच सामना हिवाळ्यात आपण रात्री साडेआठला पाहू शकतो. त्याला आपण प्रेक्षकही म्हणणार नाही का? शिवाय २०२० मध्ये तीस वर्षांनी लिव्हरपूलकडे इंग्लिश लीगचे विजेतेपद आले, तेव्हा मैदाने रिकामी होती आणि अ‍ॅनफिल्डशेजारी राहणाऱ्यालाही सामना पडद्यावरच पाहावा लागत होता.

मंगळवार पेठ:
ती बंदी कशासाठी आहे, हेही सांगायला हवे होते. मोठा सामना घरी दिसला तर खालच्या श्रेणीतल्या लहान क्लबांच्या मैदानाकडे कोणी फिरकणार नाही, या भीतीपोटी ती १९६० च्या दशकापासून पाळली जाते. आपल्याकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ हे स्थानिक फुटबॉल संघ खेळतात, त्या गर्दीचे रक्षण करणारा असा कोणताही नियम नाही. एप्रिल २०२१ मध्ये लिव्हरपूलसह सहा इंग्लिश क्लबांनी सुपर लीगचा, म्हणजे युरोपातल्या मोजक्या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेचा, घाट घातला, तोही जगभरच्या पडद्यांवरून येणाऱ्या पैशाच्या भरवशावर. आणि तो दोन दिवसांत मोडला, त्यात मैदानाबाहेर रस्त्यावर उतरलेल्या लोकांचा मोठा वाटा होता. आपले जागरण मालकांच्या हिशेबात जमेच्या बाजूला आहे, हे मला खरोखर टोचते.

जागरणकर:
सुपर लीगबाबत आपण म्हणता ते मला मान्य आहे. तेव्हा मीही संतापलो होतो, पण त्या संतापाचे काय करावे हे मला उमगले नव्हते. तरीही ज्याच्या हातात काही नाही त्याचे प्रेम खोटे, हे मात्र मी स्वीकारणार नाही. चॅम्पियन्स लीगचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतो, साडेतीनला संपतो आणि सकाळी कामावर जावेच लागते. हे कोणाच्या सांगण्यावरून मी करत नाही. शाहू स्टेडियमवर मी अनेक वर्षांत आलेलो नाही, हे मात्र खरे आहे आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नाही.