गटप्रवर्तक ताईंनी रात्री फोन बंद ठेवावा का?

रानवाट
साधारण वीस आशांमागे, म्हणजे गावोगावच्या आशा सेविकांमागे, त्यांचं काम बघणारी एक गटप्रवर्तक. गावभेटी, मासिक बैठक, अहवाल, शिवाय खचलेल्या आशेला उभारी देणंही तिच्याकडेच. माझं स्पष्ट मत आहे, रात्री आठनंतर तिने व्हॉट्सअॅप ग्रुप बघू नये, फोन घेऊ नये. जी स्वतः कधी थांबत नाही, तिच्या हाताखालच्या आशाही थांबायला घाबरतात. रात्री अकराला लसीकरणाची यादी मागितली की वीस घरांत वीस जणी जाग्या.

कृष्णाकाठ
अजिबात पटलं नाही. मी स्वतः आशा आहे. पहाटे कळा सुरू होतात, १०२ ची गाडी दुसरीकडे गेलेली असते, तेव्हा मी ताईंनाच फोन लावते. शेजारच्या केंद्रातली गाडी त्याच मिळवून देतात. फोन बंद असला तर त्या बाईचं काय?

रानवाट
बाळंतपणाबद्दल तुमचं बरोबर आहे, तो फोन लागलाच पाहिजे. पण रोज एकाच बाईने का उचलायचा? शेजारच्या दोन-तीन गटप्रवर्तकांनी पाळी लावून घ्यावी. अहवालाचे फोन मात्र सकाळीच.

जुनी परिचारिका
सतत कामाने माणूस आतून रिकामा होतो, त्या थकव्यावर, म्हणजे ‘बर्नआउट’वर, हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातली माणसं बघून. जीव ओतून काम करणारीच आधी कोलमडतात, हे त्याने टिपलं. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपणं, माणसांविषयी कोरडेपणा येणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं.
मधली खूण सगळ्यात फसवी. वॉर्डात मी हे पाहिलंय. सगळ्यात मायाळू सिस्टर एक दिवस नातेवाइकांवर खेकसायला लागते आणि सगळे म्हणतात, हिचा स्वभाव बिघडला. गटप्रवर्तक आशेला ‘तुमचं रोजचंच रडगाणं’ म्हणायला लागली, तर नोटीस काढू नका, तिचा भार उतरवा. पाळी हवीच, माझा पाठिंबा.

माळरान
माझा विरोध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या थकव्याची नोंद आजार म्हणून न करता, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. मग उपाय बाईने एकटीने का शोधायचा? त्याच संघटनेने २०२२ मध्ये देशातल्या आशांचा गौरव केला, तरी त्यांचा बराचसा मोबदला आजही कामावर मोजला जातो. गटप्रवर्तकाचंही गणित गावभेटींवर. भेट चुकली की पैसे बुडाले. जिला रजा परवडत नाही तिला विश्रांतीचे सल्ले देऊ नका, आधी निश्चित वेतन मागा.

रानवाट
वेतनाच्या मागणीत मी तुमच्यासोबत आहे, मोर्चालाही येईन. पण ती मान्य होईपर्यंत या बायकांनी झोपायचंच नाही का?

माळरान
झोपावं. पण बिनपैशाच्या पाळ्या सुरळीत चालल्या की वरच्यांना वाटतं, भागतंय. माझी भीती ती आहे.

कृष्णाकाठ
भीती खरी आहे. तरी मी पाळीला तयार आहे, दोन अटींवर. तक्ता वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने लागावा, तोंडी ठरलेलं आठवडाभरही टिकत नाही. आणि पाळीवरच्या ताईकडे सगळ्या गावांतल्या दिवस भरत आलेल्या बायकांची यादी, गाडीच्या चालकांच्या नंबरांसकट हवी. नाहीतर मी जुन्याच ताईंना उठवणार.