वळवाच्या ढगापासून किती लांब राहायचं?

कच्चा_पायलट: मे महिना, बारामतीला ट्रेनिंग चालू आहे, सेस्ना १५२ (दोन सीटचं छोटं विमान). काल दुपारी ढग चांगला दहा-बारा मैल लांब होता, रनवेवर ऊन, तरी सरांनी सोलो (एकट्याने उडायची फेरी) कॅन्सल केली. जरा जास्तच होतंय का हे?

विंडसॉक: अजिबात नाही. मोठ्या क्युम्युलोनिंबसपासून (म्हणजे गडगडाटी वादळी ढगापासून) निदान २० मैल लांब राहा म्हणतात ते उगाच नाही, गारा ढगाच्या बाहेर स्वच्छ हवेतही येऊन आपटतात. आणि खरा घात मायक्रोबर्स्टचा, ढगातून थंड हवा धाडकन खाली येते नि जमिनीवर चहूकडे पसरते, म्हणजे लँडिंगला आधी समोरून वारा मिळतो, स्पीड वाढतो, आपण खुशीत पॉवर कमी करतो आणि पुढच्या काही सेकंदात तोच वारा पाठीमागून, स्पीड गायब. २ ऑगस्ट १९८५ ला अमेरिकेत डॅलसला डेल्टा एअरलाइन्सचं फ्लाइट १९१ असंच पडलं, १३७ माणसं गेली, आणि ते तर भलंमोठं जेट होतं.

जुना_इन्स्ट्रक्टर: +१. धुळीची भिंत सरकताना दिसली की समज, वारा फिरला. पावसाळ्यात कार्ब्युरेटर आइसिंगपण बघ (इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागात बर्फ धरणं), बाहेर २५ डिग्री असलं तरी दमट हवेत आत बर्फ धरतो. आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) गुपचूप उतरतो, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढली की आणखी उतरतो, इंजिन खोकतं, पोरं घाबरून नॉब परत आत ढकलतात. ढकलायचा नाही, बर्फ वितळला की आरपीएम वर येतो.

कच्चा_पायलट: अरे बापरे, मी परवा नेमका आत ढकलला होता 😅