मदत हवी आहे: अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा, लांबची तारीख घेऊन ठेवावी की थांबावं?

नमस्कार मंडळी,

बहीण अमेरिकेत असते. पहिलंच बाळंतपण, तारीख मार्चअखेरची. आई-बाबांना तिच्याकडे पाठवायचंय. दोघांचे डीएस-१६० (व्हिसाचे ऑनलाइन अर्ज) भरले, माणशी १८५ डॉलर फी भरली आणि मुंबईचं मुलाखतींचं कॅलेंडर उघडलं, तर पहिली तारीख जूनची! तोवर बाळ पालथं पडायला लागेल.

आईचा व्हिसा पहिल्यांदाच, त्यामुळे तिला मुलाखत आहेच. बाबांचा दहा वर्षांचा होता, तो संपून दोनेक वर्षं झाली. पूर्वी अशांचं ड्रॉपबॉक्सवर, म्हणजे मुलाखत न देता नुसती कागदपत्रं जमा करून भागायचं, व्हिसा संपल्यावर ४८ महिन्यांपर्यंत मुभा होती. २०२५च्या फेब्रुवारीत ती १२ महिन्यांवर आणली. म्हणजे बाबाही रांगेत.

तातडीच्या अपॉइंटमेंटचे नियमही वाचले. घरात मृत्यू किंवा गंभीर आजारपण असेल तर अर्ज करता येतो. लग्न, पदवीदान आणि गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणं मात्र चालत नाही, असं चक्क नाव घेऊन लिहिलंय. (लिहिणाऱ्याला आपल्याकडच्या आया चांगल्याच माहीत असाव्यात.)

आता अडलंय ते इथे. १ जानेवारी २०२५ पासून तारीख एकदाच फुकट बदलता येते, दुसऱ्यांदा बदलायची तर पुन्हा फी. मग जूनची घेऊन ठेवू आणि अलीकडची दिसली की बदलू? की काहीच न घेता रोज बघत बसू? समजा एप्रिलची दिसली म्हणून बदलली आणि मग फेब्रुवारीची उघडली, तर?

शिवाय एक एजंट म्हणतोय, 'लॉगिन आणि पासवर्ड द्या, महिन्याभरात तारीख काढून देतो.' बाबा तयार आहेत, मला धाकधूक वाटतेय. कुणी बँकॉकला जाऊन मुलाखत देता येते असंही सांगितलं. जाणकारांनी कृपया सांगावं.

– अनवट

भटकभवानी:
जूनची आजच घे. हातात काहीच नसण्यापेक्षा ती बरी, आणि पुढेमागे खरंच तातडीचा अर्ज करायची वेळ आली तर आधी साधी अपॉइंटमेंट घेतलेली असावी लागते. फुकट बदलायची ती एकमेव संधी मात्र एप्रिल-मेसाठी उडवू नकोस. बाळंतपणाच्या आधी पोचता येईल अशीच तारीख दिसली तर बदल, नाहीतर हात लावू नकोस. घेताना दोघांची एकत्र, एकाच खात्यातून घे. नाहीतर एकाला फेब्रुवारी आणि दुसऱ्याला जुलै, मग कोण कुणाची वाट बघणार?

आणि दिवसभर पान रिफ्रेश करत बसू नकोस, खातं काही काळासाठी लॉक होतं. सकाळ-संध्याकाळ एकेकदा बघितलं तरी पुरे.

पासपोर्टवाला:
एजंटाला पासवर्ड अजिबात देऊ नका. मार्च २०२५ मध्ये इथल्या अमेरिकी दूतावासाने बॉटने (आपोआप तारखा पकडणाऱ्या प्रोग्रॅमने) घेतलेल्या दोनेक हजार अपॉइंटमेंट एका झटक्यात रद्द केल्या आणि ती खातीही गोठवली. एजंटाचं काही जात नाही, खातं तुमचं असतं.

बँकॉकचं विसरा. २०२२-२३ मध्ये भारतात थांबायचा काळ हजार दिवसांच्या घरात गेला होता, तेव्हा लोक तिथे जायचे. सप्टेंबर २०२५ पासून आपल्या देशात किंवा राहत्या देशातच अर्ज करा, असा नियम आहे.

भारतातलं कुठलंही शहर मात्र चालतं. दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, सगळीकडे बघा. फक्त बायोमेट्रिकची (बोटांचे ठसे आणि फोटो) तारीख मुलाखतीच्या आधीची लागते, म्हणजे परगावी गेलात तर एक-दोन रात्री मुक्काम धरा. तिकिटं पासपोर्ट हातात आल्यावरच काढा.

अनवट:
दोघांचेही आभार! जूनची तारीख दोघांची एकत्र घेतली. एजंटाला 'नको' म्हणून कळवलंय, बाबा थोडे फुगलेत. आता कोलकात्यावर नजर ठेवते. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा तिथल्या वाणिज्य दूतावासाबाहेर उभं राहावं लागतं का, आणि सोबत मला आत सोडतील का, हे कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर सांगा.

भटकभवानी:
कोलकात्याचं माहीत नाही. मुंबईत मी गेले तेव्हा ज्याची मुलाखत त्यालाच आत सोडत होते. फोन आणि मोठी बॅग घरीच ठेवा. आईंना वेळेच्या फार आधी नेऊन उभं करू नकोस.